उत्तरेची कल्पना आणि उत्तरेची आगगाडी

दिशांना नुसत्या दिशा म्हणून राहूं देणें मनुष्याच्या स्वभावांत नाहीं. पूर्वेकडे तो प्रकाश पाहतो, दक्षिणेस यमाचें घर कल्पितो, आणि उत्तरेकडे दृष्टि वळली म्हणजे तप, शुचिता व एकांत यांचीं चित्रें त्याच्या मनापुढें उभीं राहतात. आपल्याकडे हिमालयामुळें ही कल्पना इतकी दृढ झाली आहे कीं, अमका हिमालयांत गेला असें म्हटल्यानें तो संसार सोडून गेला हा अर्थ कोणी न सांगतां समजतो. हिमालयांतहि संसार करणारीं माणसें आहेत, त्यांनाहि मीठ, औषध आणि शाळा लागते, ही गोष्ट त्या वाक्यांत कोठेंच बसत नाहीं.

महाराष्ट्रास तर याहून फार दूरच्या उत्तरेचीहि ओळख आहे. लोकमान्य टिळकांनीं १९०३ सालीं 'द आर्क्टिक होम इन द वेदाज' हा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि वेदांतील दीर्घ उषांचीं वर्णनें व देवांच्या सहा महिन्यांच्या दिवसरात्री यांचा आधार घेऊन आर्यांचें मूलस्थान उत्तर ध्रुवाच्या प्रदेशांत होतें असा सिद्धान्त मांडला. तो सिद्धान्त आज विद्वानांस मान्य नाहीं. तरी त्या ग्रंथामागील बुद्धीची झेप पाहून मन अजूनहि थक्क होतें. आमच्या आजच्या विषयापुरती त्यांतील एकच गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. टिळकांची उत्तर ही ग्रंथांतून उभी केलेली उत्तर होती. तींत लांबलेली पहाट आहे, लांबलेली रात्र आहे, माथ्यावर चक्राकार फिरणारे तारे आहेत. तेथें आज राहणारा मनुष्य मात्र नाहीं. टिळकांचा प्रश्नच निराळा होता, तेव्हां याबद्दल त्यांस कोणी दोष देणार नाहीं. परंतु जो आजच्या उत्तरेविषयींच बोलूं म्हणतो त्याच्याहि उत्तरेंत तेथला मनुष्य नसला तर काय म्हणावें? हा विचार आमच्या मनांत आला तो नभोवाणीवरील एका नामांकित कृतीचें ध्वनिमुद्रण ऐकत असतांना.

ही कृति म्हणजे कॅनडाचे विख्यात पियानोवादक ग्लेन गूल्ड (१९३२–१९८२) यांची 'दि आयडिया ऑफ नॉर्थ'. मराठींत तिला 'उत्तरेची कल्पना' म्हणतां येईल. कॅनडाच्या संघराज्यास शंभर वर्षें पुरीं झालीं त्या वर्षीं, म्हणजे २८ डिसेंबर १९६७ रोजीं, त्या देशाच्या राष्ट्रीय नभोवाणीनें ती प्रथम प्रसृत केली. गूल्ड हें नांव पाश्चात्य संगीताच्या चाहत्यांस सांगावयास नको. बाखच्या 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स'च्या १९५६ सालच्या ध्वनिमुद्रिकेनें त्यांची कीर्ति जगभर पसरली; आणि १९६४ सालीं, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षीं, त्यांनीं सभागृहांत वादन करणें कायमचें सोडून दिलें. पुढचें आयुष्य त्यांनीं ध्वनिमुद्रणाच्या खोलींत घालविलें. सभा टाळणाऱ्या या कलावंताचें मन उत्तरेकडे ओढ घेई यांत नवल नाहीं. १९६५ च्या जूनमध्यें ते विनिपेगहून 'मस्केग एक्स्प्रेस' या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या गाडींत बसून हडसन उपसागराच्या कांठीं चर्चिल या गांवीं गेले. मस्केग म्हणजे उत्तरेकडील शेवाळी दलदल. गाडीला नांव मिळालें तें तिच्यावरून. हा प्रवासच पुढें त्यांच्या श्रुतिकेचा सांगाडा झाला.

श्रुतिका ऐन तासाभराची आहे. तींत पांच माणसें बोलतात. मारियान श्रोडर या परिचारिका, फ्रँक व्हॅली हे समाजशास्त्रज्ञ, आर. ए. जे. फिलिप्स हे उत्तरेच्या कारभाराशीं संबंध असलेले सरकारी अधिकारी. जेम्स लॉट्झ हे भूगोल व मानववंशशास्त्र यांचे अभ्यासक. आणि वॉली मॅक्लीन हे निवृत्त भूमापक, ज्यांची गूल्ड यांच्याशीं गांठ त्या आगगाडींतच पडली होती. गंमत अशी कीं, ध्वनिमुद्रण होत असतांना हे पांचजण एकमेकांस भेटलेलेच नव्हते. प्रत्येकाशीं गूल्ड निराळे बोलले, आणि मग फितीचे तुकडे कापून व जोडून त्यांनीं असा भास उत्पन्न केला कीं, जणूं एकाच डब्यांत बसून हे सहप्रवासी बोलत आहेत.

आरंभच विलक्षण आहे. परिचारिका बाई सप्टेंबरच्या अखेरीस चर्चिलहून विमानानें साउथँप्टन बेटावरील कोरल हार्बरकडे जातांना खालीं दिसलेल्या प्रदेशाचें वर्णन करूं लागतात. थोड्याच वेळांत त्यांच्या बोलण्यावर व्हॅली यांचा आवाज चढतो, आणि आपण अधिक उत्तरेस जाऊन आलों ही बढाई मारणाऱ्यांची ते थट्टा करतात. त्यावर फिलिप्स यांचा आवाज येतो. तिघेहि एकाच वेळीं बोलत राहतात. श्रोता प्रथम गोंधळतो. मग त्याच्या ध्यानांत येतें कीं येथें शब्दांकडे अर्थासाठीं धांवावयाचें नाहीं. एक आवाज वर येतो, दुसरा मागें सरतो, एखादा शब्द दोघांच्या बोलण्यांत एकदम उमटतो, आणि हीच येथली रचना आहे. गूल्ड यांनीं या आरंभास तीन वाद्यांच्या सोनाटाची उपमा दिली होती. बाखच्या संगीतांत जशा अनेक स्वतंत्र स्वरपंक्ति एकाच वेळीं चालतात, कोणी कोणाची साथ करीत नाहीं, तरी सर्वांचा मेळ बसतो, तीच पद्धत त्यांनीं मनुष्यांच्या बोलण्यास लावून पाहिली. हिला ते 'काउंटरपॉइंट'ची नभोवाणी म्हणत.

आपल्या संगीताच्या संस्कारांत वाढलेल्या श्रोत्यास हा प्रकार अपरिचित वाटेल. आपल्याकडे एकाच गायकाचा स्वर श्रोत्यांनीं तन्मयतेनें ऐकावयाचा असतो. पण या कृतींतील एक अंग मात्र आपणांस ताबडतोब ओळखीचें वाटतें. तें अंग म्हणजे आगगाडीचा आवाज. श्रुतिकेच्या बऱ्याच मोठ्या भागांत रुळांवरून जाणाऱ्या चाकांची घरघर खालीं चालूच असते. गूल्ड तिला पाश्चात्य संगीतांतील अखंड खर्ज-साथीचें नांव देत. आपण तिला तंबोरा म्हटलें तर फारसें चुकणार नाहीं. वरचे आवाज बदलतात, भांडतात, विरतात. तंबोरा चालूच आहे. अखेरीस मॅक्लीन यांचें दीर्घ भाषण येतें. विल्यम जेम्स या अमेरिकन तत्त्वज्ञानें १९१० सालच्या आपल्या निबंधांत युद्धाचीच शिस्त व तेंच धैर्य माणसास शिकवील असा युद्धाचा नैतिक पर्याय शोधला होता. तो पर्याय आम्हांपुरता तरी उत्तरेस जाणें हाच आहे, असा मॅक्लीन यांच्या बोलण्याचा रोख आहे. त्यांच्या शब्दांमागून सिबेलियसच्या पांचव्या सिंफनीचा शेवटचा भाग उसळत येतो. सबंध श्रुतिकेंत रूढ अर्थानें संगीत असें हें एवढेंच. शेवट भव्य आहे. पहिल्यांदा ऐकला तेव्हां आम्ही कांहीं वेळ स्तब्ध बसून राहिलों, हें मोकळेपणानें कबूल करतों.

तेव्हां ही कृति सामान्य नव्हे, हें आधीं स्पष्टपणें सांगावयास हवें. नभोवाणी म्हणजे कोणी तरी कागद वाचून दाखवावयाचें आणि इतरांनीं तें घरीं बसून ऐकावयाचें, या समजुतीस तिनें धक्का दिला. शिवाय गूल्ड यांनीं उत्तरेविषयीं अधिकाराचा आव कोठेंहि आणलेला नाहीं. प्रास्ताविकांत ते स्वतःच सांगून टाकतात कीं, उत्तर ही आपणांस स्वप्नें पाहावयास व गोष्टी रचावयास सोयीची जागा वाटत आली, आणि शेवटीं आपण ती टाळीतच आलों. एवढा प्रामाणिकपणा पुष्कळ प्रवासी लेखकांत आढळत नाहीं. असें असूनहि ही कृति दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा ऐकतांना आमचें समाधान हळूहळू ओसरत गेलें. त्याचीं कारणें दोन आहेत, आणि त्यांतील पहिलें कारण कृतीच्या रचनेंतच आहे.

काउंटरपॉइंटचा कायदा असा कीं त्यांत कोणताहि आवाज नोकर नसतो. फ्यूगमध्यें मुख्य स्वरवाक्य एकामागून एक प्रत्येक आवाजाच्या वांट्यास येतें. गूल्ड यांचे पांच आवाज या दृष्टीनें तपासून पाहावे. परिचारिका, समाजशास्त्रज्ञ, अधिकारी, भूगोलज्ञ, भूमापक—पांचहि दक्षिणेकडून उत्तरेस गेलेले. त्यांचे मतभेद पुष्कळ आहेत. कोणी भारावलेला आहे, कोणी संशयी आहे. पण ते सारे एकाच खिडकींतून बाहेर पाहत आहेत. ज्यांच्याविषयीं ते वारंवार बोलतात त्या इनुइट लोकांपैकीं एकहि आवाज तासाभरांत बोलत नाहीं. क्री नाहीं, डेने नाहीं. उत्तरेत जन्मलेला, तेथेंच मरणार असलेला, आणि उत्तर ही ज्याच्या लेखीं दिशा नसून घर आहे, असा मनुष्य या डब्यांत चढतच नाहीं.

त्या काळीं असे आवाज मिळणें कठीण होतें, असें यावर कोणी म्हणेल. तसें म्हणतां येत नाहीं. ज्या राष्ट्रीय नभोवाणीनें ही श्रुतिका प्रसृत केली तिनेंच १९५८ सालीं उत्तरेसाठीं स्वतंत्र विभाग काढला होता, आणि १९६० पासून इनुइटांच्या इनुक्टिटुट भाषेंत तिचें ध्वनिक्षेपण चालू झालें होतें. म्हणजे त्याच संस्थेच्या दुसऱ्या दालनांत उत्तर स्वतःच्या भाषेंत बोलत होती. ती भाषा श्रोत्यांस कळली नसती हा आक्षेप तर या कृतीच्या बाबतींत मुळींच टिकत नाहीं. कारण तीन माणसांस एकदम बोलावयास लावून, सर्व शब्द कळलेच पाहिजेत असें नाहीं, हा धडा आरंभींच गूल्ड यांनीं श्रोत्यास दिला आहे. न कळणारी भाषा नुसत्या स्वरासाठीं ऐकावयास शिकविणारी यापेक्षां योग्य श्रुतिका दुसरी कोणती असणार? संधि हातांत होती, आणि ती वायां गेली.

याहून गंभीर गोष्ट चर्चिलचीच आहे. गूल्ड १९६५ सालीं त्या गांवीं उतरले तेव्हां तेथें सायिसी डेने जमातीचे लोक राहत होते. हे कॅरिबू हरणांच्या कळपांमागें फिरणारे शिकारी लोक. कॅरिबूंची संख्या घटत आहे या कारणावरून कॅनडाच्या सरकारनें १९५६ सालीं त्यांस लिटल डक सरोवराजवळच्या त्यांच्या भूमीवरून विमानानें उचलून चर्चिलच्या उघड्या किनाऱ्यावर आणून सोडलें. पुढें गांवच्या स्मशानालगत 'कॅम्प १०' नांवाच्या वस्तींत त्यांस ठेवण्यांत आलें. शिकार गेली, काम नाहीं, घरें थंडीस न पुरणारीं. दारिद्र्य, दारू, आगी आणि मारामाऱ्या यांत त्या लहानशा जमातींतील शंभराहून अधिक माणसें मृत्यु पावलीं. उरलेल्यांपैकीं पुष्कळांनीं १९७३ सालीं स्वतःच्याच निश्चयानें टाडूल सरोवराकांठीं नवें गांव वसविलें. सरकारनें त्यांची जाहीर क्षमा मागितली ती २०१६ च्या ऑगस्टमध्यें, साठ वर्षांनीं. गूल्ड यांस हें सर्व ठाऊक असावयास हवें होतें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ज्या रुळांच्या शेवटीं त्यांच्या कृतीचें तत्त्वज्ञान उभें आहे, त्याच रुळांच्या शेवटीं हें स्मशान आणि ही वस्तीहि होती. युद्धाचा नैतिक पर्याय म्हणजे उत्तर, हें वाक्य आतां ऐकतांना त्या वस्तीची आठवण टाळतां येत नाहीं. जे उत्तरेस स्वेच्छेनें गेले त्यांस ती कसोटी वाटली; ज्यांस उत्तरेतल्या उत्तरेत उचलून टाकण्यांत आलें त्यांस काय वाटलें, हा सहावा आवाज होता.

आतां दुसरें कारण. या कृतीनंतर गूल्ड यांनीं आणखी दोन श्रुतिका रचल्या: न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरील एकाकी गांवांविषयींची 'द लेटकमर्स' १९६९ सालीं, आणि मेनोनाइट पंथीयांविषयींची 'द क्वायट इन द लँड' १९७७ सालीं. या तिन्हींस मिळून 'सॉलिट्यूड ट्रिलजी', म्हणजे एकांत-त्रयी, हें नांव रूढ आहे. म्हणजे उत्तरेचें सार एकांत, हें गृहीत. आमचा मुख्य मतभेद येथें आहे. आमच्या मतें उत्तर ही एकांताची भूमि नाहीं. परस्परावलंबनाची भूमि याहून कडक कोठें सांपडणार नाहीं. मुंबईच्या चाळींत मनुष्य शेजाऱ्याचें तोंड न पाहतां वर्ष काढूं शकतो. नळास पाणी येतें, कोपऱ्यावर वाणी आहे, दोन रस्ते बंद झाले तर तिसरा आहे. उत्तरेत असा तिसरा रस्ता नसतो. चर्चिलला तर पहिलाहि नाहीं: देशाच्या इतर भागास जोडणारा रस्ताच त्या गांवास नाहीं. तेथें जावयाचें तें विमानानें, उन्हाळ्यांत जहाजानें, अथवा गूल्ड गेले त्या आगगाडीनें.

या आगगाडीचा इतिहास श्रुतिकेंत येत नाहीं. पण तो ऐकल्यावांचून तिचा तंबोरा समजत नाहीं. प्रेअरीच्या शेतकऱ्यांस आपला गहूं हडसन उपसागरावरून जवळच्या वाटेनें युरोपास धाडतां यावा म्हणून हा लोहमार्ग निघाला. आधीं तो नेल्सन नदीच्या मुखाशीं पोर्ट नेल्सन येथें न्यावयाचा होता. तेथें कृत्रिम बेट बांधण्यापर्यंत मजल गेली. मग पहिलें महायुद्ध आलें आणि काम पडून राहिलें. १९२७ सालीं तें बंदर सोडून चर्चिलची निवड झाली. भर हिंवाळ्यांत गोठलेल्या दलदलीवर रूळ टाकीत मजूर १९२९ च्या मार्चअखेर चर्चिलला पोंचले, आणि १९३१ सालीं बंदर सुरू झालें. विनिपेगपासून चर्चिल रेल्वेनें सुमारें १,७०० किलोमीटर; गाडीस आजहि जवळजवळ दोन दिवस लागतात, कारण शेवटच्या टप्प्यांत ती वेगानें धांवूंच शकत नाहीं. खालची जमीन बारमास गोठलेली असते. वरचा शेवाळाचा थर हा तिचें पांघरूण. तें निघालें, किंवा रुळांच्या कडेस पाणी सांचलें, कीं आंतला बर्फ वितळतो आणि भराव खचतो. तारायंत्राचे खांबसुद्धां जमिनींत पुरून टिकेनात, म्हणून तीन तीन वासे तिवईसारखे बांधून ते उभे करावे लागले. अशा जमिनीवर रूळ सरळ ठेवणें हें एकदां करून संपणारें काम नव्हे; दर उन्हाळ्यांत खडी घालून, भराव चढवून तें पुन्हां करावें लागतें. गूल्ड यांच्या श्रुतिकेंतील ती अखंड घरघर म्हणजे या माणसांच्या न संपणाऱ्या श्रमाचा आवाज होता. डब्यांत बसलेल्या तत्त्वज्ञांस ती साथ वाटली.

तंबोऱ्याची किंमत तो थांबल्यावर कळते. हा तंबोरा २०१७ सालीं थांबला. मधल्या काळांत, १९९७ सालीं, हा मार्ग अमेरिकेतील एका खासगी कंपनीस विकला गेला होता. २०१२ सालीं कॅनडाच्या गहूं-मंडळाची मक्तेदारी संपली. बंदरावर येणारा गहूं आटला, आणि २०१६ सालीं बंदराचें काम बंद पडलें. मग २३ मे २०१७ रोजीं पुराच्या पाण्यानें मार्ग वीसएक ठिकाणीं वाहून नेला. दुरुस्तीचा खर्च आपणांस परवडत नाहीं असें कंपनीनें सांगितलें. सरकार म्हणालें, तो कंपनीनेंच करावा. हा वाद चालला असतां सुमारें नऊशें वस्तीचें एक गांव जमिनीच्या वाटेनें जगापासून तुटून बसलें होतें. दूध, भाजी, पेट्रोल, घर बांधण्याचें सामान यांपैकीं कांहीं विमानानें आणि कांहीं जहाजानें आणावें लागलें, आणि भाव त्या मानानें चढले. घरें तापविण्याचा वायू हिंवाळ्यापूर्वीं जहाजानें आणून सांठवून ठेवावा लागला. पूर येण्यापूर्वीं गांवांत येऊन उभी राहिलेली उतारूंची गाडी महिनोन् महिने तेथेंच अडकली, आणि अखेर जहाजावर चढवून ती परत न्यावी लागली. आगगाडी जहाजांतून जाते हें दृश्य गूल्ड यांच्या श्रुतिकेंत शोभलें असतें; पण तें पाहणाऱ्या गांवकऱ्यांस त्यांत काव्य दिसलें असेल असें वाटत नाहीं.

शेवट कसा झाला तेंहि सांगण्यासारखें आहे. २०१८ च्या उन्हाळ्याअखेर हा मार्ग आणि बंदर एका नव्या मंडळानें विकत घेतलें. त्यांत उत्तर मॅनिटोबाच्या आदिवासी जमाती, मार्गावरच्या वस्त्या आणि कांहीं भांडवलदार भागीदार होते; केंद्र सरकारनें पैशाचें साहाय्य केलें. वर्षाहून अधिक काळ जें काम हातींच घेतलें गेलें नव्हतें तें सुमारें दोन महिन्यांत उरकलें, आणि ऑक्टोबरच्या अखेरच्या दिवशीं पहिली गाडी गांवांत शिरली. उतारूंची गाडी डिसेंबरमध्यें पुन्हां सुरू झाली. पुढें २०२१ सालीं भांडवलदार भागीदार बाजूस झाले, आणि मालकी सर्वस्वीं त्या जमातींच्या व वस्त्यांच्या हातीं आली. श्रुतिकेंत ज्यांस डब्यांत जागा मिळाली नव्हती, गाडी आज त्यांची आहे.

परिचारिका बाईंचीहि गोष्ट अशीच ऐकावी लागते. श्रुतिकेंत त्यांचा आवाज सर्वांत कोंवळा आणि मोकळा आहे, आणि विमानांतून दिसलेला प्रदेश त्या ज्या रीतीनें वर्णितात ती मनांत राहते. पण कोरल हार्बरसारख्या ठिकाणीं परिचारिका म्हणजे काय, याचा विचार केला म्हणजे त्या आवाजाचें वजन वाढतें. १ एप्रिल १९९९ पासून तें गांव नुनावुट या नव्या प्रदेशांत मोडतें. त्या विस्तीर्ण प्रदेशांत पंचवीस वस्त्या आहेत. एका वस्तीहून दुसरीस जाणारा रस्ता नाहीं, आगगाडी नाहीं. वीज डिझेलवर तयार होते, आणि वर्षाचें जड सामान उन्हाळ्यांत बर्फ फुटला म्हणजे जहाजानें येतें. बहुतेक वस्त्यांत डॉक्टर कायम नसतो. आरोग्यकेंद्र परिचारिकाच चालवितात. तिथल्या पुष्कळ गर्भवती स्त्रियांस बाळंतपणाच्या कांहीं आठवडे आधीं घर व पाठचीं मुलें मागें ठेवून विमानानें विनिपेगसारख्या दूरच्या शहरीं जावें लागतें. माहेरची पहिलटकरीण जेथें आईच्या घरीं येते त्या आपल्या समाजांतील स्त्रियांस यांतील दुःख निराळें समजावून सांगावें लागणार नाहीं. ज्या आकाशाकडे पाहून श्रुतिका एकांताचा विचार करते, त्याच आकाशांत विमान दिसतें कीं नाहीं याकडे कोणी तरी बाळंतीण डोळे लावून बसलेली असते.

आणि उत्तरेनें या परावलंबनास उत्तर म्हणून काय उभें केलें, याचा एक नमुना चर्चिलमध्येंच पाहावयास मिळतो. १९७६ सालीं तेथें एक लांबच लांब इमारत बांधण्यांत आली. शाळा, दवाखाना, वाचनालय, पोहण्याचा तलाव, बर्फावरील खेळांचें मैदान, नाटक-चित्रपटांचें सभागृह, हें सारें एका छपराखालीं. बाहेर वादळ असो वा पांढरें अस्वल फिरत असो, मूल वर्गांतून वाचनालयांत आणि म्हातारा दवाखान्यांतून नातवाचा खेळ पाहावयास बाहेर न पडतां जाऊं शकतो. आमच्या दृष्टीनें उत्तरेची खरी कल्पना ही आहे. ती कोणा एकाच्या मनांत, रेल्वेच्या खिडकीशीं, सुचलेली नाहीं. थंडी, अंतर आणि खर्च यांचा हिशेब मांडून माणसांनीं ती जुळविली आहे. एकांत शोधावयास गेलेल्या पाहुण्यास तेथें एकांत मिळत असेल. पण तो त्यास मिळतो याचें कारण दुसऱ्या कोणी तरी त्याच्यासाठीं भट्टी तापती ठेविली आहे आणि रूळ सरळ ठेविले आहेत.

येथें एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. रसिक म्हणतील, कलाकृतीजवळ रेल्वेचें वेळापत्रक मागूं नये. गूल्ड यांनीं उत्तरेचा अहवाल लिहिला नाहीं, कल्पना लिहिली, आणि नांवांतच तसें सांगितलें. आक्षेप अगदींच निराधार नाहीं. मेघदूत वाचतांना आपण विंध्यावरील पावसाचे आंकडे तपासीत नाहीं. परंतु यक्षानें मेघास दूत केलें तेव्हां मेघाची विनवणी केली, त्याचा मार्ग, त्याचा थकवा, त्याचें पाणी यांची त्यास काळजी होती. गूल्ड यांनीं आगगाडीस दूत केलें, आणि तिची विचारपूस केली नाहीं. आमची तक्रार माहिती कमी आहे अशी नाहीं. ज्या साधनावर कृति उभी आहे त्याकडे तिनें कान दिला नाहीं, अशी आहे. आणि ज्या कलावंताचा सारा लौकिक कानाचा, त्याच्याविषयीं ही तक्रार करतांना आम्हांसहि अवघडल्यासारखें होतें.

हा दोष एकट्या गूल्ड यांचा नाहीं, हेंहि कबूल केलें पाहिजे. आपल्याकडचीं हिमालयाचीं प्रवासवर्णनें उघडून पाहावीं. शिखरें सोन्याचीं होतात, लेखकाचा अहंकार गळून पडतो, मौनाचा साक्षात्कार होतो. आणि लेखकाचें अंथरूण पाठीवर घेऊन वर चढणाऱ्या मनुष्यास बहुधा नांवहि नसतें. त्याच्या गांवीं दवाखाना किती कोसांवर आहे, पावसाळ्यांत पूल वाहून गेला म्हणजे तो काय करतो, हें विचारण्याचें त्या साक्षात्कारास सुचत नाहीं. दूरच्या प्रदेशाची स्तुति करणें हा त्याची चौकशी न करण्याचा एक सभ्य मार्ग होऊं शकतो. ज्या भूमीस आपण तपोभूमि म्हणतों तेथें रस्ता मागणारा मनुष्य आपणांस रसभंग करणारा वाटूं लागतो. आणि अशी वृत्ति एकदां बळावली म्हणजे तेथला पूल दहा वर्षें न बांधला तरी कोणास खंत वाटत नाहीं. वाङ्मयांतील कल्पना निरुपद्रवी असतात असें समजणाऱ्यांनीं याचा विचार करावा.

असें असूनहि ही श्रुतिका वाचकांनीं मिळवून अवश्य ऐकावी, अशीच आमची शिफारस आहे. कारण तिच्यांतील उणीव दाखविणारी दृष्टीहि तिनेंच आम्हांस दिली. अनेक आवाज एकाच वेळीं ऐकावयास शिका, एकाच आवाजास सत्य मानूं नका, हा तिचा उपदेश आहे, आणि आम्ही तो तिलाच लावून पाहिला इतकेंच. ऐकावी मात्र दोनदां. पहिल्या वेळीं पांचहि जणांचें बोलणें, त्यांचें एकमेकांत गुंतणें आणि शेवटची ती सिंफनी, यांचा मनसोक्त आस्वाद घ्यावा. दुसऱ्या वेळीं बोलण्याकडे कान न देतां नुसती चाकांची घरघर ऐकावी. तो आवाज दलदलीवर खडी टाकणाऱ्यांचा आहे, दुधाची आणि औषधाची वाट पाहणाऱ्या घरांचा आहे. आणि २०१७ च्या मे महिन्यापासून पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबर-अखेरपर्यंत तो चर्चिलला ऐकूं आला नव्हता, एवढें तो ऐकतांना स्मरणांत ठेवावें.